पेणहून फोर्ट : मोटार की लोकल?

प्रश्न : पेणहून रोज फोर्टातल्या कार्यालयात जायचे आहे. अटल सेतूवरून मोटारीने जाणे परवडेल का?

उत्तर : जानेवारी २०२४मध्ये खुला झालेला हा सुमारे २२ किलोमीटरचा सेतू वेळ वाचवतो खरा, परंतु एकेरी २५० रुपयांचा पथकर, पेट्रोल आणि फोर्टात गाडी उभी करण्याचा खर्च धरला, तर एकट्याने रोज मोटार नेणे मला तरी पटत नाही. पेणला लोकल येत नाही आणि मेमूच्या (विजेवर धावणाऱ्या कमी पल्ल्याच्या गाडीच्या) फेऱ्या मोजक्याच आहेत, म्हणून एसटीने पनवेल गाठून हार्बर मार्गावरच्या लोकलचा मासिक पास काढावा. सीएसएमटीपर्यंत सुमारे ८० मिनिटे लागतात, पण गाडी पनवेलहूनच सुटत असल्याने मांडीवर डबा ठेवून खिडकीशी डुलकी काढता येते. मुसळधार पावसात रुळांवर पाणी साचले, तर मात्र चौघांनी मिळून मोटार काढावी.