प्रार्थनेत भाऊ कुठे होता?

"माफी शंभरदा मागितली, तरी मोकळं वाटत नाही. माझा पश्चात्ताप खोटा आहे का?" श्रद्धाळू ख्रिस्ती माणसं हे वारंवार विचारतात. बहुतेकांना वाटतं, रडू कमी पडलं. रडण्याला मी गुण देत नाही.

एकाने वडिलांची जमीन विकताना धाकट्या भावाला किंमत कमी सांगितली आणि वरचे पैसे ठेवून घेतले. पुढे अकरा वर्षं रोज रात्री तीच कबुली.

"ती प्रार्थना इथे म्हणून दाखवाल?"

त्याने म्हटली. मी पापी, मी नालायक, माझ्यावर दया कर.

"यात भाऊ कुठे आहे?"

तो तयारीचा होता. "स्तोत्र 51 मध्ये दावीद राजा म्हणतो ना, फक्त देवाविरुद्ध पाप केलं?"

"दावीदाने ज्याची बायको घेतली आणि ज्याला मारवलं, तो उरीया तेव्हा मेलेला होता. तुमचा भाऊ जिवंत आहे."

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "त्याला अजून माहीतच नाही."

अकरा वर्षांची गाठ इथे सैल झाली. नव्या करारातला 'मेटानोइया' हा ग्रीक शब्द मन पालटण्याचा आहे, हिब्रूतला 'शूव' माघारी वळण्याचा. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (7:10) पौल दोन दुःखं वेगळी करतो: एक तारणाकडे नेणारं, दुसरं मरणाकडे. दुसऱ्यात माणूस स्वतःभोवतीच फिरतो, आणि बाहेरून ते भक्तीसारखंच दिसतं!

पुढचं काम रोकडं होतं. जुन्या करारातल्या गणना 5:7 प्रमाणे भरपाई म्हणजे मूळ रक्कम अधिक एक पंचमांश. जक्कय या जकातदाराने लुबाडलेल्यांना चौपट देऊ केलं (लूक 19:8), पण तो त्याचा उत्साह होता. सगळ्यांना लावायचा दर नव्हे. रक्कम एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवावेत, तारखांसह. कबुलीने तिसऱ्याच कुणाचं नुकसान होणार असेल, तर आधी पाळकांशी किंवा फादरांशी बोलावं. आणि भरपाईने क्षमा विकत मिळत नाही, ती कृपेनेच. ज्यांची भरपाई होऊन गेली आहे आणि तरी तीच कबुली सुटत नाही, त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना मी कबुली थांबवायला सांगतो.

भावाला लिहायच्या पत्राच्या पहिल्या खर्ड्यात तीन 'पण' होते: पण तेव्हा कर्ज होतं, पण आईचं आजारपण, पण तूही विचारलं नाहीस. दुसऱ्यात एकच उरला, शिवाय शेवटी 'मला माफ कर, नाहीतर शांती मिळणार नाही'. तेही खोडायला लावलं. भावावर ते नवं ओझं झालं असतं. तिसरा खर्डा चार ओळींचा होता: काय केलं, किती रक्कम, कधी देणार, आणि तू रागावलास तरी देणार.

भावाचं उत्तर अजून आलेलं नाही. दुसरा हप्ता गेला आहे.