करडईवर मावा आलाय? चार बाटल्या एका पंपात ओतू नका

प्रश्न : करडई पन्नास दिवसांची झाली. शेंडे चिकट झालेत, खालची पाने काळी पडलीत. दुकानदाराने दोन कीटकनाशके, एक बुरशीनाशक आणि टॉनिक दिले. सगळे एकदम मारा म्हणतो. मधूनमधून झाडेही वाळतात. काय करू?

उत्तर : ते मिश्रण मारू नका. आधी चिकट शेंडा बोटांनी उलगडून पाहा. काळे किडे दाटीने बसलेले आणि खोडावरून मुंग्यांची रांग वर चाललेली दिसली, की मावाच. पानावरचा काळा थर माव्याच्या चिकट्यावर वाढलेल्या बुरशीचा. मावा हटला की तो वाढायचा थांबतो, म्हणून बुरशीनाशक परत करा. टॉनिकही परत करा. त्यात नत्र असेल तर शेंडा आणखी लुसलुशीत होतो, आणि माव्याला तेच हवे असते.

राहिली दोन कीटकनाशके. ती एकत्र मारली की मावा खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा या हिरव्या मित्रकिडीच्या अळ्या आधी मरतात. मावा पुन्हा फुटतो, तेव्हा त्याला खाणारे कोणी उरत नाही. दर हंगामात हे बघतो आणि जीव तुटतो. औषध एकच घ्या : डायमेथोएट 30 ईसी, 10 लिटर पाण्याला 13 मिली. म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 20 मिलीपेक्षा थेंबभरही जास्त नको. टोपणाने मोजू नका, मापाने मोजा. ‘थोडं जड मारा’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका. त्याची बाटली खपते, तुमचे पीक करपते.

मावा बांधाकडून आत शिरतो. पीक महिन्याचे झाले की रोज सकाळी कडेच्या ओळी बघा. तिथेच दिसला तर तेवढ्याच पट्ट्यावर 5 टक्के निंबोळी अर्क किंवा वरचे औषध मारा. हे वेळेवर केले तर बहुतेकदा सगळे शेत फवारावे लागत नाही. फुले उमलू लागली की मात्र रासायनिक फवारणी बंद. मधमाश्या मेल्या तर बोंडात दाणा कमी भरतो.

झाडे वाळतात तो मर रोग. तो जमिनीतून येतो, फवारून जात नाही. झाडे मुळासकट उपटून जाळा. जमिनीला भेगा पडल्यावर पाणी देऊ नका. द्यायचेच तर भेगा पडण्यापूर्वी, हलके. पुढच्या वर्षी त्या रानात करडई नको. दुसऱ्या रानात पेरताना बियाण्याला किलोला 3 ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा.



पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उरका. उशिरा पेरलेल्या करडईवर मावा तुटून पडतो. आणि घरी सांगून ठेवा, फवारलेल्या रानातली कोवळी करडई भाजीला खुडायची नाही.