टॅब्लेट घ्या, पण ३५ हजारांचा नको

प्रश्न : मी कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून काम आटलं. मुलगी बारावीत आहे, इंटरमीजिएटला ए ग्रेड होती. तिला उपयोजित कलेला जायचंय आणि आत्ताच स्क्रीनवाला ड्रॉइंग टॅब्लेट हवाय, ३५ हजारांचा. कॉम्प्युटरनंच आमचं पोट मारलं, त्यातच पोरीला घालू का?

उत्तर : दादा, आधी प्रवेशाचं बोलू. बीएफए या कलेच्या पदवीसाठी एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हातानंच कागदावर काढायचं असतं. तिथं टॅब्लेटचा काडीचा उपयोग नाही. त्यामुळे परीक्षा होईपर्यंत पेन्सिल आणि पोस्टर कलर, बस्स. कलानिकेतन, दळवीज अशा संस्था गावातच आहेत. तिला घेऊन एकदा वर्ग बघून या.

त्यानंतर टॅब्लेट जरूर घ्या, पण बिनस्क्रीनचा. साधारण वहीएवढी काळी पाटी असते, यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडायची. चार-पाच हजारांत बरा मिळतो. दाब ओळखणारं आणि बॅटरी न लागणारं पेन त्यातही येतं. हात टेबलावर आणि नजर स्क्रीनवर ठेवायची सवय व्हायला थोडे आठवडे जातात, पोरगी वैतागेल, वैतागू द्या. पहिल्याच दिवशी पाटीवर रुपया ठेवून त्याच्या कडेनं पेन फिरवायला सांगा. स्क्रीनवर गोल लांबट आला, तर पाटीचं आणि स्क्रीनचं प्रमाण जुळत नाही. सेटिंगमध्ये ते जुळवून घ्यायचं. हे न करता पोरं महिनोन् महिने वाकडी चित्रं काढतात आणि हाताला दोष देतात.

आता पोटाचं. फ्लेक्सवाल्यांकडं ठरावीक फाँट असतात, म्हणून तर एका ओळीतल्या दहा दुकानांच्या पाट्या सारख्या दिसतात. तुमच्या ब्रशातून उतरणारा ‘क’ त्यांच्याकडं नाही. तो कॉम्प्युटरमध्ये नेणं, हाच मुलीचा पहिला धडा असू द्या.

तुम्ही ए-फोर कागदावर काळ्या रंगात ‘मिसळ’ किंवा ‘गुळाचा चहा’ असं काहीतरी लिहून द्या. झेरॉक्सच्या दुकानात ते ६०० डीपीआयला स्कॅन करून आणा. मोबाइलचा फोटो नको, त्यात अक्षरं कडेला तिरकी होतात. मग इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन खाली ठेवून वरून रेषा काढायची. त्यात आपोआप ट्रेस करायचं बटण आहे आणि तिला ते लगेच सापडेल. त्यानं अक्षर येतं, पण कडेला शेकडो बिंदू पडतात. अशी फाइल रेडियम कापणाऱ्या प्लॉटरवर टाकली, की पातं अडखळत चालतं आणि वळणं खडबडीत निघतात. तेच अक्षर हातानं, वळणाच्या टोकांवर मोजके बिंदू ठेवून काढलं, तर पोस्टाच्या तिकिटावर छापा नाहीतर १० फुटी बोर्डावर, कड तशीच राहते. ही साफ फाइल करता येणाऱ्याला काम मिळतं. पॅकिंगचे बॉक्स, लेझरनं कापलेली अक्षरं, हुपरीच्या चांदीचे नमुने, इचलकरंजीच्या कापडावरची नक्षी, सगळीकडं हेच लागतं. टॅब्लेट कुठल्या कंपनीचा, हे कुणी विचारत नाही.

पुढं अक्षरातच रमली, तर फाँट बनवणं हा वेगळा व्यवसाय आहे. ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशींनी केला, ‘मुक्ता’, ‘बलू’ मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेनं केले आणि ते फुकट वापरता येतात. मात्र देवनागरीत जोडाक्षरं धरून कित्येक शे आकार काढावे लागतात. चिकाटीचं काम आहे, झटपट पैसा नाही. बाबूराव मेस्त्रींचं आडनावच ‘पेंटर’ होऊन गेलं त्या गावातल्या पोरीला मी हे करू नको म्हणणार नाही, पण आधी पदवी.

स्क्रीनवाला टॅब्लेट वाईट नाही. चित्रकथा, ॲनिमेशन करणाऱ्यांना त्यानं सोपं जातं. पण तो तिनं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्वतःच्या कमाईतून घ्यावा.

खरेदीला जाताना घरचा लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातच टॅब्लेटचं सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) त्यात टाकून पेन चालवून बघा. पेनाची टोकं झिजतात, तेव्हा जादा टोकं बॉक्समध्ये आहेत ना, तेही तपासा. आणि तुमचे ब्रश कायमचे ठेवून देऊ नका, तिला मूळ अक्षरं तुमच्याकडूनच लागणार आहेत.