दहा टक्क्यांत तुझा तास बसेल का?

भाच्या, तू विचारलंस, "मामा, मेलबर्नात सरकारी इमारतीच्या कामावर शिकाऊ पोरं ठेवावीच लागतात म्हणे, मग खानापूरच्या आयटीआयवाल्या सुताराला घेतील की?" फी, फॉर्म सगळं वेबसाइटवर आहे, ते सोडतो.

नियम खरा आहे. २०१६पासून व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, २ कोटी डॉलर वा त्यावरच्या सरकारी बांधकामात कामाच्या अंदाजे तासांपैकी किमान १० टक्के तास शिकाऊ, ट्रेनी किंवा कॅडेटनी भरायचे. पण तिथं तास मोजतात, कुणाला किती गरज आहे ते नाही. सतरा वर्षांच्या इथल्या पोराचा तास आणि तुझा तास सारखाच धरतात, आणि तुला प्रौढ शिकाऊ म्हणून पगार जास्त द्यावा लागतो. ठेकेदार कुणाला घेईल, तूच सांग. त्यात मालकाशी नोंदवलेला करार लागतो, तो विद्यार्थी व्हिसावर सहसा होत नाही. बेळगावच्या टिळकवाडीत कुणी 'अप्रेंटिस व्हिसा' विकत असेल तर चहा पी आणि ऊठ.

कागदांनी मला पिडलं. पासपोर्टवर बेळगाव, २०१४नंतरच्या दाखल्यावर बेळगावी, जन्मदाखला कन्नडात. कागद तपासणाऱ्या एका बाईनं ईमेलात विचारलं, "तुमची भाषा मराठी, मग कागद कन्नडात का?" आता १९५६पासूनचा सीमावाद दोन ओळींत काय लिहू? ॲफिडेव्हिट करून पाठवलं.

गावात मी मिस्त्री होतो रे. इथं पहिलं वर्ष बावीस वर्षांच्या पोराच्या हाताखाली प्रॉप (स्लॅबखालचे टेकू) उचलले. ते पचलं. पचलं नाही ते पोराचं: मराठी शाळेत तीसपर्यंत पाढे घडाघडा म्हणायचा, इथं इंग्रजी येत नाही म्हणून तिसरीच्या पोराला चित्रं रंगवायला बसवलं. शाळेतल्या बाईंना सांगायला मला तरी कुठं इंग्रजी येत होतं! आता तो माझ्याशीच इंग्रजीत बोलतो.

एकटेपणाचं विचारलंस. येतो. आमटी-भात शिजवायचा, झोपायचं.

यायचंच तर शिकाऊ म्हणून नको, कारागीर म्हणून ये. ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया म्हणजे कारागिरांचं कौशल्य तपासणारी इथली सरकारी संस्था; तिच्या तपासणीत केलेलं काम आणि मिळालेला पगार दाखवावा लागतो. तू अजून रोखीनं घेतोस. उद्यापासून बँकेत घे, दारं-चौकटींचे फोटो तारखेसकट ठेव. आणि ठेकेदाराचं पत्र इंग्रजीतच लिहून घे, भाषांतराचे पैसे तरी वाचतील.