डोळा तयार व्हावा लागतो

प्रश्न : माझे वय ३३ वर्षे असून मी नाशिकमध्ये एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. माझे वडील इंद्रजाल कॉमिक्सचे निस्सीम वाचक होते. वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम), जादूगार मँड्रेक आणि बहादूर या नायकांचे शंभराहून अधिक मराठी अंक त्यांनी एका पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवले होते. चार वर्षांपूर्वी ते गेले आणि ती ट्रंक माझ्याकडे आली. त्या अंकांवरच मी वाचायला शिकले आणि पुढे देशोदेशीच्या चित्रकादंबऱ्या वाचू लागले. माझ्या लग्नाला तीन वर्षे झाली आहेत. पती बँकेत अधिकारी आहेत, स्वभावाने समंजस आहेत, पण या विषयात त्यांना कणभरही रस नाही. हिवाळ्यात दर रविवारी पहाटे ते पक्षी पाहायला नांदूरमधमेश्वरला जातात आणि मी घरी वाचत बसते. त्यांच्या वाढदिवसाला मी एक जाडजूड चित्रकादंबरी भेट दिली, तर चौथ्या-पाचव्या पानावरच त्यांचा डोळा लागला. मागच्या महिन्यात घरी पाहुणे आले असताना ते हसत म्हणाले, “आमच्याकडे अजून कॉमिक्स वाचणारे लहान मूल आहे.” सगळे हसले, मीही हसले, पण ती गोष्ट मनातून जात नाही. माझी आवड त्यांच्यापर्यंत कशी पोहोचवावी? की हा नाद माझ्यापुरताच ठेवावा?

(एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. पतींना कॉमिक्समध्ये रस नाही, ही एक. त्यांनी चारचौघांत तुमच्या आवडीची थट्टा केली, ही दुसरी. पहिलीत त्यांचा दोष नाही, कारण रस काही मागून येत नाही. दुसरीबद्दल मात्र त्यांच्याशी बोललेच पाहिजे आणि तेही भांडणाच्या ओघात नव्हे, तर एखाद्या निवांत संध्याकाळी, थोडक्यात : “त्या दिवशीचे ते बोलणे मला लागले. ती ट्रंक बाबांची आहे.” एवढी दोन वाक्ये पुरेशी आहेत. पत्र वाचताना मला सारखे वाटत राहिले की, ट्रंक वडिलांची आहे हे तुमच्या पतींना ठाऊक असेल, पण ती तुमच्यासाठी काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसावे. मराठी घरांत माणूस गेल्यावर आपण त्याचे कपडे, चष्मा, घड्याळ यांविषयी बोलतो, पण त्याने जमवलेल्या कॉमिक्सविषयी बोलायला संकोचतो. तो संकोच तुमच्याही मनात थोडा असेल, तर आधी तो बाजूला ठेवा.

आता चौथ्या पानावर लागलेल्या डोळ्याविषयी. माझे स्पष्ट मत आहे की, तो कंटाळा कमी आणि दमणूक जास्त होती. कॉमिक्स वाचणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे. तुम्ही ती इतक्या लहान वयात शिकलात की शिकल्याचेच तुम्हाला आठवत नाही. चौकटीत डोळा आधी चित्राकडे न्यायचा की फुग्यातल्या शब्दांकडे, निवेदनाची पट्टी केव्हा वाचायची, पान डावीकडून उजवीकडे आणि मग खाली कसे उतरायचे, हे सगळे तुमच्याकडून आपोआप होते. ज्याने आयुष्यभर सलग मजकूरच वाचला आहे, तो माणूस नकळत फक्त फुग्यांतले संवाद वाचतो आणि चित्रे ओलांडून पुढे जातो. साहजिकच त्याच्या हाती येते ते एखाद्या नाटकाची नुसती संवादवही. पहिल्या चौकटीत दाराच्या कडीवर हात आहे आणि दुसऱ्या चौकटीत खोलीतली रिकामी खुर्ची आहे. दार उघडले गेले, कोणीतरी आत आले, शोधत असलेला माणूस सापडला नाही, हे सारे त्या दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत घडते आणि ते वाचणाऱ्यालाच मनात घडवावे लागते. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी चित्रकथाकाराने १९९३ साली एक आख्खे पुस्तक चित्रकथेच्याच रूपात काढले आणि त्यात या मोकळ्या पट्टीला मोठे महत्त्व दिले. ज्याला ती पट्टी दिसत नाही, त्याला गोष्ट तुटक वाटते, आणि तुटक गोष्ट वाचताना झोप येणे अगदी स्वाभाविक आहे.

तुमच्या पतींना ही गोष्ट दुसऱ्या कोणाहीपेक्षा लवकर पटेल, असे मला वाटते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी, नांदूरमधमेश्वरच्या काठावर नवखा माणूस उभा राहिला की त्याला काय दिसते? पाणी, गवत आणि चिखल. चिखलाच्याच रंगाचे, चिखलात चोच खुपसत पळणारे लहान पक्षी तिथे डझनाने असतात, पण जाणत्या माणसाने दुर्बीण हातात देऊन “त्या काठीच्या डावीकडे, पाण्याच्या कडेला बघा” असे सांगेपर्यंत त्यांतला एकही दिसत नाही. एकदा दिसला की मग दहा दिसतात. डोळा तयार होणे म्हणतात ते हेच. पतींना तुम्ही पक्ष्यांच्याच भाषेत सांगा की, या पानावरही तसेच काहीतरी आहे आणि ते कुठे बघायचे हे मला ठाऊक आहे.

मात्र त्याआधी एक प्रश्न तुम्हालाही विचारायला हवा. या तीन वर्षांत तुम्ही त्यांच्याबरोबर किती पहाटे गेलात? पत्रावरून तरी एकदाही नाही असे दिसते. मी हे तुम्हाला बोल लावण्यासाठी म्हणत नाही. थंडीत पाच वाजता उठून चिखलाच्या काठी उभे राहणे सगळ्यांना आवडायला हवे असेही नाही. पण घरी परत आल्यावर ते चक्रवाकांच्या जोडीविषयी सांगू लागले की तुम्ही पुढचा प्रश्न विचारता, की हातातल्या पुस्तकातून वर न बघता ‘हो का’ म्हणता? तुमच्या कॉमिक्सच्या वाट्याला त्यांच्याकडून जे येते, तेच त्यांच्या पक्ष्यांच्या वाट्याला तुमच्याकडून येत असेल, तर दोघांनाही सारखेच एकटे वाटत असणार. या हिवाळ्यात एक रविवार त्यांच्याबरोबर जा आणि त्या दिवशी कॉमिक्सचे नावही काढू नका.

पुस्तकाच्या निवडीबद्दल सांगायचे तर जाडजूड चित्रकादंबरी भेट देणे ही चूक होती. भेट म्हणून आलेल्या पुस्तकाबरोबर परीक्षा येते : देणारा चेहऱ्याकडे बघत असतो आणि वाचणाऱ्याला ‘आवडले’ म्हणावे लागते. तुमच्या पतींच्या हाती मी ‘भीमायन’ देईन. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चितारलेले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आलेल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवरचे हे इंग्रजी पुस्तक २०११ साली आले. त्यात नेहमीच्या चौकोनी चौकटी नाहीत. गोंड भिंतीचित्रांतली वळणदार नक्षीच पानाचे भाग पाडते, त्यामुळे चौकटींचा क्रम न कळणाऱ्या नवख्या वाचकाची अडचण होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यातले फुगे. ज्याचे बोलणे मायेचे आहे, त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे आणि ज्याचे बोलणे विषारी आहे, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. शाळेत तहानलेला लहानगा भीम आणि त्याला पाणी नाकारणारी माणसे यांचे संवाद या आकारांतून वाचताना चित्र ओलांडून पुढे जाणे शक्यच होत नाही. पक्षी पाहणाऱ्या माणसाचा डोळा पहिल्यांदा त्या पक्ष्यांवरच जाईल, आणि तिथूनच वाचनाला सुरुवात होईल.

हे पुस्तक त्यांना वाचायला देऊन तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊ नका. शेजारी बसून दहा पाने एकत्र वाचा. काही संवाद त्यांनी मोठ्याने वाचावेत, काही तुम्ही. मोठ्याने वाचताना चित्रापाशी आपोआप थांबावे लागते. दहा पाने झाली की पुस्तक मिटा आणि ‘कसे वाटले?’ हा प्रश्न विचारू नका. त्यांनी स्वतःहून काही म्हटले तर उत्तम, नाही म्हटले तरी बिघडत नाही.

‘कॉमिक्स म्हणजे मुलांचे’ हा समज त्यांचा एकट्याचा नाही. ग्रंथपाल म्हणून तुम्हालाही अनुभव असेल की, चित्रे दिसली की पुस्तक बालविभागाच्या कपाटात जाते, मग आत काहीही असो. ही आपली जुनी खोड आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो, कारण हाच मराठी वाचक दिवाळी अंक हाती आला की आधी व्यंगचित्रे पाहतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. त्यानंतर कित्येक घरांत मोठी माणसे मथळ्यांच्याही आधी तो वाचत असत. तुमचे पतीही कदाचित त्यांतलेच असतील. सहज विचारून पाहा. तीन-चार चौकटींत मावणारी ती गोष्ट ज्याला कळते, त्याला कॉमिक्स वाचता येतच नाही असे म्हणता येणार नाही.

एवढे करूनही त्यांना वाचनात गोडी वाटली नाही, तर त्यांना गोष्टी ऐकवा. न वाचणाऱ्या माणसालाही गोष्टींमागच्या गोष्टी आवडतात. इंद्रजालची मालिका १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये, म्हणजे तुमच्या जन्माच्या सुमारास, बंद पडली. त्या काळात वेताळाचा मूळचा ‘बंगाला’ देश बंगालशी गल्लत होऊ नये म्हणून भारतीय अंकांत ‘डेंकाली’ झाला, हे त्यांना सांगा. बहादूरचे निर्माते आबिद सुरती यांचे सांगा : १९७६ साली त्यांनी डाकूच्या मुलाला नायक केले आणि पुढे २००७ पासून प्लंबरला बरोबर घेऊन मीरा रोडच्या घरोघरी जाऊन गळणारे नळ फुकट दुरुस्त करून देण्याचे काम सुरू केले. आणि वडील ट्रंक उघडत तेव्हा कोणता अंक आधी काढत, तुम्ही कुठे बसून ऐकत होतात, तेही सांगा. त्यासाठी त्यांना एक पानही वाचावे लागणार नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. आवड लपवू नका आणि ट्रंक पलंगाखाली सरकवू नका. उलट तिच्या कामात पतींची मदत मागा, कारण ती आता खरोखरच हवी आहे. जुना वर्तमानपत्री कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि त्याहून मोठे नुकसान अंकाच्या मधोमध मारलेल्या पिना करतात. त्या गंजल्या की मधले पान सुटे होते आणि गंजाचा डाग शेजारच्या पानांवर उतरतो. पावसाळ्याच्या आधी एक रविवार काढून या पिना बोथट सुरीने हलकेच वर उचलाव्यात, काढून टाकाव्यात आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून अंक शिवून घ्यावा. हे काम दोघांचे आहे : एकाने अंक उघडा धरायचा आणि दुसऱ्याने सुई ओवायची. अंक उघडा धरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मधली दोन पाने बराच वेळ राहतात.