एंटरप्राइज आर्किटेक्ट झालोय, पण बोर्डापुढं माझं कुणी ऐकत नाही. बोलण्याचं कौशल्य कसं वाढवू?

तुम्ही लिहिलंय की टोगॅफची, म्हणजे एंटरप्राइज आर्किटेक्चरच्या एका ठरलेल्या पद्धतीची, परीक्षा पास झालात, साताऱ्यात घरी बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करता, आणि तुमचा प्रस्ताव असे आराखडे मंजूर करणाऱ्या आर्किटेक्चर बोर्डाकडून दोनदा "पुढच्या तिमाहीत बघू" म्हणून परत आला. आता पब्लिक स्पीकिंगचा क्लास लावू का, असं विचारताय. लावा, तोटा नाही. पण दुखणं तिथं नसावं. माझंही नव्हतं.

मी सांगलीचा. या कामात, म्हणजे संस्थेतले विभाग आणि त्यांच्या संगणक सिस्टीम एकमेकांशी कशा जुळाव्यात ते आखण्यात, सपाटून मार खाल्ला तो पुण्या-बंगळुरात नाही, घरापासून तासाभरावरच्या एका साखर कारखान्यात. नाव सांगत नाही. तिथं एकच शेतकरी तीन नंबरांनी नांदत होता. शेअर विभागात सभासद क्रमांक, शेतकी विभागात ऊसनोंदीचा कोड, हिशोब विभागात बिलाचं खातं. ऊस एकाचा आणि बिल चुलतभावाच्या नावावर, असे घोळ दर पंधरवड्याला. संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ सालीच लिहून ठेवलंय की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशाच तिथल्या सिस्टीम घडतात. इथं तिन्ही विभाग एकाच आवारात, आणि बोलणं फक्त जावक क्रमांक टाकलेल्या कागदांवरून.

मी एक देखणं चित्र काढलं. मधोमध शेतकऱ्याचा एकच मास्टर, म्हणजे सगळ्यांनी वापरायची एकच मूळ यादी, भोवती सगळे विभाग, वजनकाटाही थेट त्यालाच जोडलेला. एमडींपुढं चाळीस मिनिटं बोललो. चांगलं बोललो, हे आजही म्हणेन. शेतकी अधिकारी म्हणाले, "आमच्याकडं हे चालायचं नाही." का, ते सांगेनात. चीफ अकौंटंट म्हणाले, सर्व्हर स्लो होईल. चहा आला, विषय संपला.

त्या "स्लो होईल"वर मी आठवडाभर लोड टेस्टचे आकडे जमवत बसलो, हा माझा शुद्ध गाढवपणा. आपल्याकडं माणूस तोंडावर नको म्हणत नाही, तांत्रिक कारण पुढं करतो.

शेवटी टाइम ऑफिसातला एक जण म्हणाला, "साहेब, एकदा रात्री काट्यावर येऊन बसा की." जानेवारीची थंडी, उसाच्या ट्रॉल्यांची गाडीतळापर्यंत रांग. काट्यावरच्या क्लार्कच्या संगणकाशेजारी लाल पुठ्ठ्याची एक वही. पावणेदोनला लिंक गेली. त्यानं मान वर केली नाही की कुणाला फोन केला नाही. वही ओढली, गाडी नंबर, वजन, शेतावरच्या चिटबॉयनं चिठ्ठीवर लिहिलेला कोड उतरवला आणि पुढची गाडी घेतली. पस्तीस मिनिटांत अकरा गाड्या. माझ्या चित्राप्रमाणं त्या अकराही गाड्या मास्टरचं उत्तर येईपर्यंत काट्यावर उभ्या राहिल्या असत्या. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या शिव्या खायच्या त्या क्लार्कनं.

"हे बैठकीत कुणी बोललं का नाही?" मी विचारलं.

"आमाला बैठकीला कोण बोलावतंय?"

शेतकी अधिकाऱ्यांचं निराळंच होतं. ऊसनोंद दुरुस्त करायचा अधिकार त्यांच्या गट ऑफिसांकडं. माझ्या चित्रात तो गुपचूप शेअर विभागाकडं सरकला होता. तोडणीची पाळी लागणीच्या नोंदीवर ठरते, म्हणजे नोंद ज्याच्या हातात, गावातली माणसं त्याच्या दारात. मी एक बाण काढला आणि त्यांची खुर्चीच हलवली. चौकटी जोडताना आपल्याला वाटतं डेटा वाहतोय, तिकडं कुणाचातरी अधिकार वाहून जात असतो.

हंगाम संपेपर्यंत गप्प बसलो. गाळप चालू असताना कारखान्यात कुणाला शहाणपण सांगू नये. मे महिन्यात एकेकाला त्याच्या टेबलावर जाऊन भेटलो. एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दराचे, पैसे ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणं १४ दिवसांत द्यावे लागतात, म्हणून अकौंटंटसाहेबांना एवढंच विचारलं, "त्यातले किती दिवस नावं जुळवण्यात जातात?" 'मास्टर डेटा' हा शब्द काढलाच नाही. त्यांनी कपाटातून स्वतः रजिस्टर काढलं आणि तासभर बोलत राहिले. काट्याला यादीची स्वतःची प्रत मिळाली, लिंक आली की जुळणी. नोंदीची दुरुस्ती शेतकीकडंच राहिली, नंबर तेवढा एक झाला. जुन्या चित्राइतकं हे देखणं नव्हतं. पण पुढच्या बैठकीत विषय अकौंटंटसाहेबांनीच मांडला. मी मोजून चार वाक्यं बोललो असेन.

टोगॅफमधला स्टेकहोल्डर मॅप तुम्हाला पाठ असेल, कुणाची ताकद किती आणि रस किती. त्यात एक रकाना वाढवा, "या माणसाचं काय जाणार?" (आणि ती फाईल शेअर्ड ड्राइव्हवर ठेवू नका, मी ठेवली होती.) तो रकाना भरता येत नसेल, तर त्या माणसाला तुम्ही अजून भेटलेलाच नाही. घरून काम करणाऱ्याला हे जड जातं, मान्य. पण साताऱ्याहून पुणे काय लांब आहे? महिन्यातून दोनदा एसटी पकडा.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की फायनान्सच्या मॅडमनी दोन्ही वेळा सिक्युरिटीचा मुद्दा काढला. मला त्यात अकौंटंटसाहेबांचा सर्व्हर ऐकू येतो. पुढच्या बोर्डाआधी त्यांच्याकडं अर्धा तास मागा. लॅपटॉप पिशवीतच राहू दे. महिनाअखेरीला त्यांची माणसं कुठं अडतात, तेवढं विचारा. त्यांनी कुठली एक्सेलची फाईल उघडली, तर खुर्ची जवळ ओढून बसा.