१६० आणि २४० वर दिसणारं पाणी नाही

प्रश्न थोडक्यात असा: मॅग्नेशियम ऑक्साइडच्या (००१) पृष्ठावर मंद इलेक्ट्रॉन सोडून घेतलेल्या स्पेक्ट्रममध्ये (परतलेल्या इलेक्ट्रॉनने किती ऊर्जा गमावली त्याचा आलेख) ८०, १६० आणि २४० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास पीक, म्हणजे शिखरं, आहेत. अणूंच्या सात थरांचा पातळ तुकडा (स्लॅब) घेऊन केलेल्या डीएफटी गणितात (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून संगणकावर केलेलं क्वांटम गणित) शेवटचे दोन सापडत नाहीत. मग पृष्ठावर पाणी बसलंय का?

अंतरं बघा, सारखी आहेत. इलेक्ट्रॉनने तेच कंपन एकदा, दोनदा, तीनदा उठवलंय. पडताळा घ्या: या पीकची तीव्रता पॉइसां वितरणाने (स्वतंत्र घटना किती वेळा घडतात त्याचा संख्याशास्त्रीय नियम) जाते. ८० च्या पीकचं क्षेत्रफळ भागिले शून्यावरच्याचं (ऊर्जा न गमावता परतलेल्या इलेक्ट्रॉनांचं), जे उत्तर येईल त्याच्या साधारण निम्मं १६० भागिले ८० चं यायला हवं. पाणी तुटून हायड्रॉक्सिल झालं असेल तर ओ-एच बंधाचं पीक ४५० च्या आसपास येतं. तिथपर्यंत स्कॅन केलात का?

खरी गोम ८० मध्येच आहे. हे फुक्स-क्लीवर कंपन, म्हणजे आयनी स्फटिकाच्या पृष्ठालगत धन आणि ऋण आयनांचं एकमेकांविरुद्ध हलणं. सिद्धांत १९६५ चा, आणि १९७० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ इबाखनी झिंक ऑक्साइडवर ते ६९ च्या आसपास मोजलं. सूत्रात घालायचं काय, तर आतल्या स्फटिकाची आडवी प्रकाशीय वारंवारता (सुमारे ४०० प्रतिसेंटिमीटर) आणि परावैद्युतांक ९.८ (स्थिर क्षेत्राचा) व ३ (अतिजलद क्षेत्राचा). उत्तर ८१ येतं. पृष्ठावरच्या अणूंच्या बंधांचा त्यात संबंधच नाही! तुमच्या मोजणीत हे कंपन शंभरेक अँगस्ट्रॉम खोल जातं, आणि तुमचा स्लॅब जेमतेम तेरा अँगस्ट्रॉम जाड. इतक्या पातळ स्लॅबमध्ये दोन्ही बाजूंची कंपनं एकमेकांत गुंततात. त्यामुळे ८० शी स्लॅबची तुलना करत बसू नका, थर वाढवून मशीनचा वेळही जाळू नका.

स्लॅबचं गणित तपासायचं तर रॅले लाटेशी (पृष्ठालगतच्या अणूंमधून जाणारी ध्वनीसारखी लाट) तपासा. त्यासाठी हेलियम अणूंचा झोत उत्तम. २० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या हेलियमची तरंगलांबी एक अँगस्ट्रॉम. तो आत शिरत नाही, आणि उदासीन असल्याने विद्युतरोधकावर भारही साचत नाही. जर्मनीत ग्योटिंगेनला भौतिकशास्त्रज्ञ टोनिस यांच्या गटाने १९८१ मध्ये लिथियम फ्लोराइडवर हे करून दाखवलं; पुढे मॅग्नेशियम ऑक्साइडवरही झालं. यंत्र हाताशी नसेल तर इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढवा आणि आरशासारख्या परावर्तनाच्या कोनापासून बाजूला सरकून मोजा. तिथे ८० चा गोंगाट झपाट्याने ओसरतो.

फ्लड गन (साचलेला भार घालवण्यासाठी इलेक्ट्रॉन फवारणारं साधन) चालू होती का, तेवढं कळवा. भार साचला असेल तर शून्याचं पीकच सरकतं-पसरतं, आणि मग निम्म्याचा हिशोबही भरवशाचा नाही.